हर्णै, डावीकडचा स्पीकर

गफूर होडेकर ट्रॉलरवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करतो.
पाण्यात आवाज सोडायचा,
तो तळाला आपटून वर येतो, आकडा होऊन.
"तुझ्या घरात उलटं," तो म्हणाला.
"आकडे सोडायचे आणि आवाज वर यायला हवा.
मधे जो बसलाय ना, त्याला वाचताच येत नाही."

मधे बसला होता तो तीनशे रुपयांचा,
कॉम्प्युटरच्या पाठीमागे, मुंगळ्याएवढा.
गफूरने दिला काळा डबा,
काडेपेट्यांच्या पुड्याएवढा, स्वतः जोडलेला.
डीएसी म्हणतात. आमच्याकडे डबाच.
आत सर्किटवर लाखेसारखं काहीतरी फासलंय,
कारण इथली हवा तांबं खाते,
पिना दर पंधरवड्याला हिरव्या होतात
आणि मी त्या कापसाने पुसतो.

लिलावाच्या पावतीमागे त्याने ठिपके काढले,
वर-खाली, मोजून.
मग पेन न उचलता त्यांतून एक रेघ नेली.
"ठिपके सगळ्यांकडे सारखेच.
हात कुणाचा थरथरतो, ते बघायचं."
साडेसहा हजार, हप्त्याने.
शालनला मी साडेतीन सांगितले.

माझ्याकडे ऐकायला खरं तर एकच गोष्ट आहे:
सत्त्याऐंशी सालचा वसंत गुरवांचा भूप, देवळाच्या मंडपातला,
गफूरच्या थोरल्या भावाने कुवेतहून आणलेल्या टू-इन-वनवर भरलेला.
गुरव गेले. टू-इन-वनही गेला.
दापोलीला एका पोराने कॅसेटची फाईल करून दिली,
वर म्हणाला, खरखर फार आहे, काढून टाकू का?
बरं झालं, पैसे वाचवले.

पहिल्या रात्री तबल्याची शाई ऐकू आली.
पेटीचा भाता, त्याला कुठेतरी भोक असावं.
आणि मग ती खरखर,
जी मी इतकी वर्षं टेपची समजत होतो,
तिच्यातून एक सूं सुटा झाला.
डावीकडून. हळूहळू बसत चाललेला.
फस्. फस्. फस्.
आणि पुन्हा चढला.

पेट्रोमॅक्स.

बाराव्या वर्षी मला तेवढंच काम होतं:
बत्तीपाशी बसायचं, उजेड पिवळा पडला की पंप मारायचा,
नाहीतर हलायचं नाही.
गुरव धैवतावर थांबले होते, तेव्हाच मी मारला.
त्यांनी मान वळवून पाहिलं.
ते टेपमध्ये नाही.

दुसऱ्या दिवशी शालनने दोन्ही टॉवेलखाली झाकले,
मला भिंतीकडे तोंड करून बसवलं
आणि दहा वेळा तारा बदलल्या.
मी ठामपणे बोलत होतो: हा नवा, याच्यात हवा आहे,
हा जुना, बघ, कोंडलाय.
दहातले पाच बरोबर.
"नाणं उडवलं असतंत तरी पाचच," ती म्हणाली.
मग टॉवेल घडी घालता घालता,
"किंमत किती म्हणालात?"

पण पंप दोन्हींत होता.
मुंगळ्यातही, तीनदा, धैवताखाली, डावीकडे.
इतकी वर्षं तिथेच होता
आणि मी त्यावरून रोज चालत गेलो.

गफूरला बंदरावर सगळं सांगितलं.
तो कुणाच्या तरी इंजिनावर तळवा ठेवून उभा होता,
डोळे मिटून. ठोका चुकत होता म्हणे.
"परत घेऊ डबा?"
मी म्हटलं, हप्ता दहा तारखेला देतो.
त्याने डोळे उघडले नाहीत.

परवा संध्याकाळी मी मागच्या दारी बांगडे साफ करत होतो,
मांजर पायात, हात खवल्यांनी भरलेले.
आतून भूप लागलेला. मी लावला नव्हता.
शालन इस्त्री करत होती.
मधेच ओरडली,
"अहो, तुमचा पंप आला!"

कुठला डबा जोडला होता
ते मी विचारलं नाही.